कानाचे उष्टे

दुसऱ्याने ओठ लावलेला पेला, अर्धा चावून पुढे केलेला पेरू, एकाच ताटातला घास, या सगळ्यांसाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: उष्टे. मूल हा शब्द पाढ्यांच्याही आधी शिकते. माठातले पाणी ओगराळ्याने घ्यायचे, मित्राच्या बाटलीतले पाणी वरून प्यायचे, हे त्याला वर्गात कोणी शिकवत नाही. ते घरातूनच अंगात मुरून आलेले असते. तेच मूल शाळेच्या संगणक कक्षात येते आणि सकाळपासून पाच-सहा डोक्यांवर चढून उतरलेला हेडफोन निमूटपणे आपल्या कानांवर चढवते. कानाच्या उष्ट्याला आपल्याकडे शब्द नाही. शब्द नाही म्हणून सवय नाही, सवय नाही म्हणून नियम नाही आणि नियम नाही म्हणून ते काम कोणाचेच नाही. संगणक कक्ष सांभाळताना संगणकांची नोंद ठेवावी लागते, यूपीएसच्या बॅटरीची ठेवावी लागते, खुर्च्यांवरही क्रमांक घातलेले असतात. हेडफोन मात्र ‘किरकोळ साहित्य’ या एका ओळीत बसवलेले असतात आणि तास संपला की एकमेकांत वायरी गुंतलेल्या ढिगाऱ्यासारखे खोक्यात पडतात. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. सामाईक हेडफोनची स्वच्छता व्यवस्थेतून येते, आणि ती व्यवस्था वस्तूंची असावी लागते. ‘स्वच्छ’ मुले आणि ‘अस्वच्छ’ मुले अशी वाटणी करून स्वच्छता आणायला गेले की हेडफोन मळकटच राहतात, मूल मात्र दुखावते. हे मत भावनेपोटी बनलेले नाही. त्वचेचा स्वभाव, उवेचा जीवनक्रम, रेक्झिनचा टिकाऊपणा आणि तासिकेची मिनिटे यांचा हिशेब मांडला की तेच उत्तर समोर येते.

आधी हेडफोनवर काय साठते ते पाहू. आपल्या शाळांत पहिला मान खोबरेल तेलाचा. तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्यांवर किंवा चापून बसवलेल्या भांगावर हेडफोनची वरची पट्टी टेकते, कानांवरच्या गाद्या केसांच्या कडेला घासतात आणि तेलाचा पातळ थर दोन्हींवर चढतो. त्यात घाम मिसळतो, मैदानावरून आलेली धूळ मिसळते, त्वचेचे सुटलेले बारीक कण मिसळतात. कानातला मळ बाहेरच्या पाळीपर्यंत आलेला असेल तर तोही मिसळतो. पावसाळ्यात ओल्या केसांचे पाणी फोममध्ये जिरते आणि बंद कपाटात रात्रभर तसेच राहते. गाद्यांवरचे आवरण बहुधा रेक्झिनसारख्या कृत्रिम चामड्याचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे असते. उष्ण, दमट हवेत हा पदार्थ बाष्पामुळे आतून कमकुवत होत जातो. त्यात तेल आणि घाम यांची भर पडते. मग त्याचे काळे पापुद्रे सुटतात आणि तास संपल्यावर मुलांच्या कानांवर, गालांवर चिकटलेले दिसतात. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांना हे दृश्य बॅगा आणि सोफ्यांवरून परिचयाचे आहे. पापुद्रे सुटणे हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. आवरण धड असते तोवर पृष्ठभाग गुळगुळीत असतो, फडके फिरवले की मळ निघतो. आवरण फाटले की आतला फोम उघडा पडतो, आणि फोम म्हणजे घाम व तेल शोषून धरणारा स्पंज. तो वरून पुसून स्वच्छ होत नाही. महागातला द्रव मारूनही होत नाही. म्हणून हेडफोन कशाने पुसायचा हे विचारण्याआधी तो पुसण्याजोगा उरला आहे का, हे पाहावे लागते.

यातून आजार किती पसरतात? इथे प्रामाणिक राहायला हवे, कारण भीती वाढवून सांगितली की लोक दोन दिवस काळजी घेतात आणि तिसऱ्या दिवशी सगळेच सोडून देतात. रुग्णालयांतली उपकरणे कितपत शुद्ध करायची हे ठरवण्यासाठी एर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर एक सोपी विभागणी मांडली, ती आजही वापरली जाते. शरीराच्या निर्जंतुक भागात शिरणारी उपकरणे पहिल्या वर्गात, आतल्या ओलसर अस्तराला किंवा इजा झालेल्या त्वचेला लागणारी दुसऱ्या वर्गात आणि नुसत्या धडधाकट त्वचेला लागणारी तिसऱ्या वर्गात. कानांवर बसणारा हेडफोन या तिसऱ्या, सर्वांत कमी जोखमीच्या वर्गात मोडतो. अखंड त्वचा हा फार चांगला अडसर आहे. कानातला मळही उगाच नसतो. तो किंचित आम्लधर्मी असतो, जंतूंची वाढ रोखतो आणि त्वचेच्या संथ सरकण्याबरोबर आपोआप बाहेर येतो. विमानप्रवाशांना देतात त्या हेडसेटवर १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तासाभराच्या वापरानंतर जिवाणूंची संख्या कित्येक पटींनी वाढलेली आढळली होती. हा निष्कर्ष खरा आहे, पण जिवाणू वाढणे वेगळे आणि आजार होणे वेगळे, हेही तितकेच खरे आहे. आपल्या त्वचेवर जिवाणू असतातच. म्हणून हेडफोनमुळे कान फुटतो, असे पालकांना घाबरवून सांगणे चूक आहे.

पण याच विभागणीतून अपवादही स्पष्ट होतात आणि शाळेत ते दुर्मीळ नसतात. नुकताच कान टोचला असेल तर पाळीवरची जखम म्हणजे इजा झालेली त्वचा. तिच्यावर तासभर दाबून बसलेली तेलकट गादी ही कमी जोखमीची वस्तू राहत नाही. कान वाहत असेल, पाळीमागे खाजेने त्वचा सोलली असेल, गजकर्णाचा किंवा इम्पेटिगो या त्वचासंसर्गाचा चट्टा उठला असेल तर तेच. पावसाळ्यात कानात बुरशी होण्याचे प्रमाण वाढते, कारण ओलावा आणि उष्णता दोन्ही तिला मानवतात. कानात खुपसायचे छोटे इअरफोन तर मुळातच वेगळ्या प्रकारात मोडतात: ते कर्णनलिकेच्या तोंडाशी बसतात, मळाला लागतात, आत ओलावा कोंडतात. ते सामाईक असूच नयेत. बोलण्याचा सराव करताना ओठांजवळ येणारा माइकही वेगळा विचार मागतो, कारण त्याच्या फोमच्या टोपीवर थुंकीचे तुषार बसतात. म्हणजे जोखीम सगळीकडे सारखी नाही. बहुतेक मुलांसाठी बहुतेक दिवशी ती कमी असते, आणि काही मुलांसाठी काही दिवशी ती दखल घेण्याइतकी असते. अडचण अशी की आज कोणत्या मुलाचा तो दिवस आहे, हे संगणक कक्षाच्या दारात उभे राहून कळत नाही. कळावे म्हणून चाळीस मुलांचे कान रोज तपासणे शक्य नाही, योग्यही नाही. मग एकच शहाणपणाचा मार्ग उरतो: प्रत्येक हेडफोन, प्रत्येक वेळी, कोणीही वापरलेला असो, पुसला जावा.

हेडफोनचा विषय निघाला की पालक आणि शिक्षक सगळ्यांत आधी उवांबद्दल विचारतात. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. तिला फक्त चालता येते. ती प्रामुख्याने डोक्याला डोके लागून पसरते. टोपी, फणी, उशी, हेडफोन अशा वस्तूंवरून ती जाऊ शकते, पण ते क्वचित घडते, कारण केसाला घट्ट धरून राहणे हेच तिचे जगणे आहे आणि रक्त मिळाले नाही तर ती एक-दोन दिवसांतच मरते. लिखांना उबण्यासाठी टाळूची ऊब लागते. गळून पडलेल्या केसावरची लीख हेडफोनच्या पट्टीवर सहसा उबत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने, उवा किंवा लिखा आहेत म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवू नये अशी भूमिका घेतलेली आहे, ती याच ज्ञानावर. आता हे ज्ञान घेऊन आपल्या संगणक कक्षात पाहावे. एका संगणकावर दोन मुली, दोघींत एकच हेडफोन. एकीचा डावा कान एका गादीला, दुसरीचा उजवा कान दुसऱ्या गादीला, मधली पट्टी ताणलेली आणि दोन्ही डोकी एकमेकांना टेकलेली. उवेला हवा असतो तो रस्ता हाच. गादीवर ऊ असण्याची शक्यता कमी. हेडफोन अपुरे आहेत म्हणून डोक्याला डोके चिकटून वीस मिनिटे बसणे मात्र तिच्यासाठी सरळ पूल आहे. उवांची खरोखर काळजी असेल तर निर्जंतुक द्रवाच्या बाटलीआधी आणखी हेडफोन आणि एका पिनेचे दोन करणारे स्वस्त स्प्लिटर घ्यायला हवेत. ज्या कक्षात प्रत्येक मुलाच्या डोक्यावर स्वतंत्र हेडफोन असतो तिथे उवांचा मुख्य मार्ग बंद होतो, आणि त्यासाठी एकाही मुलीचे केस तपासावे लागत नाहीत.

हेडफोनची संख्या महत्त्वाची, तितकीच वाटपाची पद्धत महत्त्वाची. समजा सहा तुकड्या आहेत, प्रत्येकीत चाळीस मुले आणि कक्षात वीस हेडफोन. खोक्यातून हाताला येईल तो घ्यायचा असेल तर वर्षभरात कोणताही हेडफोन दोनशे चाळीसपैकी कोणाच्याही डोक्यावर जाऊ शकतो. आता हेडफोनच्या पट्टीवर क्रमांक घातला आणि हजेरी क्रमांकानुसार जोडी ठरवून दिली, तर एक हेडफोन प्रत्येक तुकडीतल्या दोघांकडे, म्हणजे वर्षभर ठरलेल्या बारा जणांकडेच राहतो. हेडफोन चाळीस केले की बाराचे सहा होतात. द्रवाचा एक थेंबही न वापरता, रंगाचा एक ब्रश आणि एक तक्ता एवढ्याच खर्चात देवाणघेवाणीचे जाळे इतके लहान होते. शिवाय क्रमांक ठरला की जपणूक आपोआप येते. वायर पिरगळली, गादी सुटली, आवाज एका कानातूनच येतो, हे मूल लगेच सांगते, कारण उद्या तोच हेडफोन आपल्याला मिळणार आहे हे त्याला ठाऊक असते. यावर एक रास्त आक्षेप येतो: क्रमांक लावला की कोणाकडून काय आले हे शोधणे सोपे होईल आणि ‘सात नंबरवाल्यांत कोणाच्या तरी डोक्यात उवा आहेत’ अशी कुजबूज सुरू होईल. हा धोका खरा आहे. म्हणून नोंदवहीत वस्तूची स्थिती लिहायची. कोण्या मुलाचे आजारपण तिथे कधीही लिहायचे नाही. गादी बदलली, पट्टी धुतली, माइकची टोपी वाळत घातली, एवढेच. क्रमांक हेडफोनचा असतो, मुलाचा नव्हे, ही गोष्ट शिक्षकाने आधी स्वतः पाळली तर मुले पाळतात.

पुसण्याच्या कामात सर्वाधिक गोंधळ असतो तो कशाने पुसायचे याबद्दल. कोविडच्या काळापासून सॅनिटायझर हेच स्वच्छतेचे दुसरे नाव होऊन बसले आहे. पण आपल्या हेडफोनवरचा मुख्य मळ तेलाचा आहे, आणि तेल सुटते साबणाने. भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब पाण्यात टाकून, त्यात बुडवून घट्ट पिळलेले सुती फडके गाद्यांवरून आणि पट्टीवरून फिरवायचे, मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने साबण काढून घ्यायचा. मळ तसाच ठेवून वर निर्जंतुक द्रव मारला तर त्याचा बराचसा प्रभाव मळातच संपतो. आधी स्वच्छता, मग निर्जंतुकीकरण, हा रुग्णालयांतला क्रम इथेही लागू आहे. अल्कोहोल वापरायचेच तर सुमारे ७० टक्के तीव्रतेचे. जवळजवळ शुद्ध अल्कोहोल अधिक प्रभावी असेल असे वाटते, पण ते फार लवकर उडून जाते, आणि जंतूंमधली प्रथिने मोडायला पाण्याचीही मदत लागते. मात्र रोज अल्कोहोल लावले तर रेक्झिन कडक होते आणि लवकर तडकते. मग आपण पुन्हा त्या उघड्या फोमपाशी येतो. म्हणून गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी आणि माइकची दांडी यांच्यासाठी अल्कोहोल, गाद्यांसाठी रोज साबणपाणी आणि त्वचेची काही तक्रार दिसली तरच अल्कोहोल, अशी वाटणी बरी. ब्लीचिंगचे पाणी धातूला गंजवते आणि रेक्झिनचा रंग घालवते, ते इथे नको. हाताला लावायचे जेल चिकट थर सोडते, तेही नको. द्रव कधीही थेट फवारायचा नाही. तो जाळीतून आत गेला की आतला पडदा खराब होतो. पिन काढून ठेवायची, फडके ओले असावे पण ठिबकू नये, आणि माइकची फोमची टोपी निघत असेल तर ती काढून साबणाने धुऊन उन्हात वाळवायची.

पुसायचे कोणी आणि कधी, हे त्याहून महत्त्वाचे. वापरण्याआधी पुसावे असे अनेकांना स्वाभाविक वाटते, कारण त्यात स्वतःची काळजी दिसते. माझ्या मते वापरल्यानंतर पुसणे योग्य. एक कारण व्यवहाराचे आहे: ओलसर गादी तशीच कानाला लावली तर त्वचेवर साबण किंवा अल्कोहोल लागते, आणि ओलावा तर आपल्याला नकोच आहे. तास संपताना पुसले की एक तुकडी जाऊन दुसरी स्थिरस्थावर होईपर्यंतच्या काही मिनिटांत गादी वाळते. दुसरे कारण शिकवणुकीचे आहे. आधी पुसणारे मूल मनात म्हणते, माझ्याआधी कोणीतरी घाण करून गेले. नंतर पुसणारे मूल म्हणते, माझ्यानंतर कोणीतरी येणार आहे. हात दोघांचाही सारखाच फिरतो, पण पहिल्या सवयीतून संशय वाढतो आणि दुसरीतून शेजारधर्म. वेळेचा आक्षेप इथेच येतो: पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हाताशी उरतात तीस मिनिटे, त्यातली पाच पुसण्यात घालवायची का? चाळीस हेडफोन एका माणसाने पुसायचे म्हटले तर पाच मिनिटेही पुरणार नाहीत, हे खरे. पण प्रत्येक मुलाने आपलाच पुसायचा असेल तर सगळ्यांचे काम एकाच वेळी मिनिटभरात होते. प्रत्येक रांगेला पिळलेल्या फडक्यांचा एक डबा आणि वापरलेल्या फडक्यांचा दुसरा डबा, एवढीच तयारी लागते. फडके एका हेडफोनपुरतेच वापरायचे, कारण तेच फडके दहा ठिकाणी फिरवले तर मळ पुसला जात नाही, वाटला जातो. जुन्या सुती साड्यांचे तळहाताएवढे तुकडे करून ठेवले तर दिवसअखेर ते एकत्र धुता येतात. आणि हे काम मुलींवर किंवा ‘हुशार पण शांत’ अशा दोघा-तिघांवर सोपवले जाऊ नये. ज्याने वापरले त्याने पुसावे. एवढा एकच नियम ठेवला तर पुसणे ही कोणाची शिक्षा होत नाही आणि कोणाची सेवाही होत नाही.

आता सर्वांत मोठा आक्षेप. धोका एवढा कमी असेल तर हा सगळा खटाटोप कशासाठी? कोविडने आपल्याला याबाबतीत एक धडा दिला आहे. २०२० मध्ये आपण भाजी धूत होतो, कुलपे पुसत होतो. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनेच, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनेच, मांडले की वस्तूंच्या पृष्ठभागांवरून त्या विषाणूची लागण होण्याचा धोका कमी आहे, मुख्य मार्ग हवेचा आहे. त्या धड्याचा मान राखायचा तर खिडक्या बंद करून एसी लावलेल्या कक्षात केवळ हेडफोन पुसून समाधान मानता येणार नाही. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत खिडकी उघडणे फडक्याहून जास्त कामाचे. तरीही हेडफोनची स्वच्छता सोडता येत नाही, कारण तिचे पहिले कारण आजार नाही. पहिले कारण म्हणजे ऐकणे. संगणक कक्षात हेडफोन लावला जातो तो कवितेचे वाचन ऐकायला, इंग्रजी उच्चार ओळखायला, विज्ञानाचा पाठ समजून घ्यायला. गादी चिकट असेल, तिला वास येत असेल, तर मूल ती कानापासून बोटभर दूर धरते. नीट ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवते. आवाज वाढला की शेजारच्यालाही वाढवावा लागतो. लहान मुलांसाठी आठवड्याला चाळीस तास ऐकायचे असेल तर सरासरी ७५ डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली सुरक्षित मर्यादा आहे. आवाज जसजसा वाढतो तसतशी ही वेळ झपाट्याने कमी होत जाते. किळस आल्यामुळे वाढवलेला आवाज हेही कानाचेच नुकसान आहे. आणि जे मूल नाक मुरडण्याइतके धीट नसते, ते गप्प बसून हेडफोन गळ्यात अडकवते आणि पडद्याकडे नुसते पाहत राहते. त्याचा तास वाया जातो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. स्वच्छ हेडफोन ही आरोग्याची मागणी असेल-नसेल, शिकण्याची अट नक्कीच आहे.

प्रत्येकाने घरून स्वतःचा आणावा, हा उपाय ऐकायला सरळ वाटतो. ज्यांना जमते आणि आणावासा वाटतो त्यांना मुभा असावी. कानाला त्रास असलेल्या किंवा श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलासाठी तर स्वतंत्र, कान पूर्ण झाकणारा हेडफोन शाळेनेच राखून ठेवावा. पण ‘आणलाच पाहिजे’ असा नियम केला की त्याचे परिणाम लगेच दिसतात. घरात असतो तो बहुधा मोबाइलबरोबर आलेला, कानात खुपसायचा इअरफोन, जो या कामाला सर्वांत अयोग्य. अनेक नव्या मोबाइलना गोल पिनेची जागाच नसते, त्यामुळे घरातला हेडफोन शाळेच्या संगणकाला जोडता येत नाही. विसरून आलेले मूल शेजाऱ्याचाच घेते, म्हणजे पुन्हा सामाईक वापर, तोही न पुसता. आणि ज्याच्या घरी नाही ते मूल दर तासाला हात वर करून ‘माझ्याकडे नाही’ असे सांगत राहते. त्याऐवजी शाळेने हेडफोन द्यावा आणि प्रत्येक मुलाला हवा तर सुती कापडाचा आपला गादीवरचा टोपडा शिवून आणायला सांगावे. कडेला इलॅस्टिक घातलेला, आठवड्याला घरी धुऊन येणारा. खर्च नगण्य, आणि विसरला तरी मूल अडत नाही, कारण खालची गादी पुसलेलीच असते. एकदा वापरून फेकायची कागदी आवरणे वैद्यकीय तपासणीच्या दिवशी ठीक; रोज शेकड्यांनी वापरली तर त्यांचा कचरा हाच नवा प्रश्न होतो. अतिनील किरणांच्या पेट्यांविषयी आकर्षण आहे, पण ते किरण जिथे थेट पडतात तिथेच काम करतात. गादीच्या घडीत, फोमच्या आत, तेलाच्या थराखाली पोहोचत नाहीत. शनिवारी दुपारी हेडफोन सुटे टांगून ठेवले तर सोमवार सकाळपर्यंत मिळणारी सलग विश्रांती एखाद्या भटक्या उवेसाठी त्या पेटीहून अधिक भरवशाची असते, आणि ती फुकट मिळते.

पैशांचा प्रश्न खरा आहे, पण तो बहुतेकदा खरेदीच्या क्षणी निर्माण होतो. सर्वांत कमी दराचा हेडफोन घेतला की त्याच्या गाद्या वेगळ्या मिळत नाहीत; गादी गेली की सगळा हेडफोन जातो किंवा फाटक्या गादीसह वर्षे काढतो. खरेदीच्या मागणीपत्रात चार गोष्टी लिहिल्या तर पुढची स्वच्छता निम्म्याने सोपी होते: गाद्या काढता-घालता याव्यात, बदली गाद्यांचा एक संच सोबत यावा, पट्टी कापडाची नसून गुळगुळीत असावी, माइकची टोपी निघावी. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि त्यातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. त्या रकमेचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर स्वच्छतागृह आणि हात धुण्याची जागा येते, आणि ते अगदी बरोबर आहे. ती गरज आधीची आहे. पण वर्षातून एकदा बदलायच्या गाद्या, साबण, फडकी आणि भिंतीत ठोकायच्या खुंट्या यांचा खर्च त्या कामांच्या आड येईल इतका मोठा नसतो. खुंटी ही यातली सर्वांत कमी किमतीची आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. टांगलेल्या हेडफोनला हवा लागते, खोक्यातल्या ढिगाला लागत नाही.

शेवटी ज्या गोष्टीची मला सर्वाधिक काळजी वाटते तिच्याकडे येतो. महाराष्ट्रात स्वच्छतेविषयी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात, कारण आपल्याकडे स्वच्छतेच्या शेजारीच सोवळे उभे असते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राशन केले, त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्य ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. शेण-गोमूत्र ओतून पाणी स्वच्छ होत नाही हे ओतणाऱ्यांनाही कळत होते. त्यांना पाण्याची चिंता नव्हती. सोवळे माणसाला चिकटते आणि धुऊन जात नाही. स्वच्छता वस्तूची असते आणि साबणाने साधते. शाळेत ही सीमारेषा फार सहज पुसली जाते. अमुक वस्तीतली मुले, तेलकट केसांच्या मुली, वसतिगृहातली मुले यांनी शेवटच्या रांगेत बसावे, त्यांचे हेडफोन वेगळे ठेवावेत, असे ‘काळजीपोटी’ सुचवले जाते. यावर उत्तर वैद्यकानेच दिलेले आहे. एचआयव्हीची भीती टोकाला असताना, १९८७ मध्ये, अमेरिकेच्या सीडीसीने रुग्णालयांना सार्वत्रिक दक्षतेची शिफारस केली: प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य आहे असे धरूनच काळजी घ्यावी. कोणाला लागण आहे हे ओळखत बसण्यापेक्षा सर्वांशी सारखीच खबरदारी बाळगणे अधिक सुरक्षित असते, आणि त्यात कोणाचा अपमानही होत नाही. हेडफोनची जोखीम त्या मानाने किरकोळ आहे, पण तत्त्व तेच आहे. सगळे हेडफोन सारखे पुसले जात असतील तर कोणाला वेगळे बसवण्याचे कारणच उरत नाही.

मुलाला खरोखर उपचारांची गरज असेल तर ते काम संगणक कक्षाचे नाही, त्यासाठी दुसरी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. त्याची पथके सरकारी आणि अनुदानित शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात; कानाच्या मध्यभागाचा दाह, बहिरेपणा, खरूज आणि बुरशीजन्य त्वचारोग ही सगळी त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. कान वाहणारे मूल दिसले तर पालकांना एकांतात सांगावे, पथकाकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवावे आणि तोवर त्याला आवाज न लागणारे काम द्यावे, तेही कारण जाहीर न करता. कक्षात करायचे काम त्याहून साधे आहे. ते नीट होते की नाही हे पाहायचे असेल तर तपासणीला आलेल्या माणसाने दाराजवळचा, पाहुण्यांसाठी पुसून ठेवलेला हेडफोन उचलू नये. सरळ शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या संगणकापाशी जावे, तिथला खुंटीवरचा हेडफोन घ्यावा, गादीवरून बोट फिरवावे आणि तो स्वतःच्या कानांवर चढवून एक पाठ पूर्ण ऐकावा.